एकोणतिसावा रोजा

शनिवार आला तर शुक्रवारी सरक.
रविवार आला, तरी शुक्रवारीच.
एवढं मी यंत्राला पहिल्याच आठवड्यात शिकवलं
आणि ते शिकलंही, कुरकुर न करता.
माझ्या धाकट्या भावासारखं नाही.

मग सुट्ट्यांचा तक्ता भरला.
एक जानेवारी, एक मे, राजाच्या गादीचा दिवस,
सगळ्या तारखा खिळे ठोकल्यासारख्या जागच्या जागी.
ईदच्या ओळीत मात्र दोन तारखा लिहिल्या
आणि पुढे प्रश्नचिन्ह.
यंत्र म्हणालं, चूक आहे. तारीख एकच हवी.
खरंय त्याचं.
त्याला गच्ची नाही.

तेतुआनला गच्च्या पुष्कळ.
आज एकोणतिसावा रोजा.
रात्री कोर दिसली तर उद्या ईद, बँका बंद,
आणि शिवणखात्यातल्या तीनशे बारा जणींचा पगार
दोन दिवस कुठेतरी अधांतरी;
पोरांचे नवे बूट दुकानदाराच्या दोरीला लटकलेले.

बँकेची शेवटची खेप पाचला सुटते.
कोर दिसायची ती सूर्य बुडाल्यावर.
म्हणजे प्रश्न यायच्या आधीच उत्तर लिहायचं.
बेन्नूनासाहेब म्हणाले, घाई कशाला, घिझलान?
एका दिवसाचं व्याज काय झाडाला लागतं?

चार वाजून बावन्न मिनिटं.
उपाशी पोटी बोटं जरा थरथरतात.
मी वेळापत्रक बाजूला सारलं
आणि काम हातानं सोडलं.
तीनशे बारा नोंदी. पूर्ण.
पडद्यावर एवढंच आलं. एरवीही एवढंच येतं.

संध्याकाळी गच्चीवर वडील, मफद्दल सुतार,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात हट्ट.
डोंगरावर ढग धुतलेल्या गोधडीसारखा पसरलेला.
"ती बघ, दिसली!" ते म्हणाले.
कुणालाच दिसली नव्हती.
रेडिओनं सांगितलं, उद्या तिसावा.

दुसऱ्या दिवशी बेन्नूनासाहेबांनी
कॅल्क्युलेटर माझ्यासमोर ठेवला, बोलले काही नाहीत.
आकडा लहान नव्हता.
मी पाहिला, आणि खाली शिवणखात्यात गेले.
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.
रहमा तेवढी होती, दाराशी, ओढणीची गाठ मारत.
मुकादम विचारत होता, "सगळ्या कुठे गेल्या?"
"बुटांच्या मापाला," ती म्हणाली, आणि तीही गेली.

तक्त्यात आता एकच तारीख आहे. यंत्राचं समाधान झालंय.
पुढच्या वर्षीच्या दोन
मी आजच भरून ठेवल्यात,
प्रश्नचिन्हासकट.