धावदोरा

काय काय आणायचं त्याची यादी रेश्मानं पाठवली होती:
गरम मोजे, मेतकूट, कुंद्याचे दोन डबे, औषधांची चिठ्ठी.
सुई तिनं लिहिली नव्हती.
ती मी हुकांच्या पुडीत खोचून नेली.
कात्री मात्र सांबऱ्याच्या विमानतळावर
एका पोरीनं काढून घेतली,
'तप्प तिळकोब्याडरी अक्का' म्हणत,
म्हणजे राग मानू नका.
राग नाही, पण बत्तीस वर्षं
अख्ख्या वडगावच्या साड्यांना फॉल लावले तिनं.
पोरीला हे कोण सांगणार, रांग मोठी होती.

डंडीत लेकीच्या दोन खोल्या, खाली वीतभर जमीन, कायम ओली.
पहिल्याच सकाळी मी दोन बादल्या भरून ठेवल्या.
आई, इथं नळाला वार नसतो, रेश्मा म्हणाली.
ठाऊक होतं गं.
तरी भरत राहिले;
रिकाम्या बादलीशेजारी मला झोप लागत नाही.

शेजारची एल्सी, पंच्याहत्तरीची, लालभडक कानांची,
गुडघ्याखाली उशी घेऊन माती उकरायची.
तिची माती काळी, गार, चहाच्या चोथ्यासारखी.
आमची तांबडी, नखात गेली की दोन दिवस हलत नाही.
कुंपणाच्या अलीकडे मी माझं बोलायचे,
पलीकडे ती तिचं.
बटाटा उचलून म्हणाली, 'टॅटी'.
मी ऐकलं, 'तात्या'.
तात्या माझे चुलत सासरे,
तेही असेच गोल, असेच मातकट.
मी इतकी हसले की ती पण हसली,
कशाला ते न कळता.

तिच्या हातमोज्याचा अंगठा फाटलेला.
खुणेनं मागून घेतला, दारात बसून शिवला,
फॉलचा हिरवा दोरा होता तोच घातला.
तिनं तो डोळ्याजवळ नेऊन
एकेक टाका मोजल्यासारखा पाहिला,
आणि आत जाऊन पाकिटात बी घेऊन आली,
वर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.

इन्व्हरनेसच्या वाटेवर पाट्या दोन भाषांत, एकाखाली एक.
मी जावयाला विचारलं, वरची कुणाची?
यावरून दगड पडतात का रे?
तो म्हणाला, वरचं मी कधी वाचलंच नाही.
मग मी गप्प बसले.
आमच्याकडं अक्षरांना रात्रीत डांबर फासतात,
सकाळी कुणीतरी शिडी लावून परत रंगवतं,
आणि खाली भाजीवाली दोन्हींत भाव सांगते.

शीव म्हणजे हद्द. शिव म्हणजे जोड.
माझ्या आईला लिहिता येत नव्हतं,
तिला हे दोन्ही एकच शब्द वाटायचे.

परत आले तर निळव्वानं अबोली जगवलेली,
दोडका मेलेला.
नळ आठ दिवस आला नव्हता म्हणे, कुणाकुणाला घालू?
तिचंही खरं.
दिवाळीनंतर एल्सीचं बी पेरलं. सहातले चार उगवले,
तीन उन्हानं मान टाकून बसले.
एकाला जानेवारीत पाच फुलं आली, जांभळट.
वास घ्यायला निळव्वा वाकली,
म्हणाली, साबणासारखा.

दुपारी आम्ही अंगणात जुनेर पसरतो.
ती म्हणते कौदी, मी म्हणते वाकळ.
ती तिकडून धावदोरा घालत येते, मी इकडून.
टाका वर येतो, खाली बुडतो,
पुन्हा वर येतो कुठेतरी पुढं.
मधे गाठ पडली तर
दोघीही आपापल्या भाषेत शिव्या घालतो.

काल रेश्माचा फोन.
एल्सीच्या मोज्याचा दुसरा अंगठाही गेला,
पण ती टाकून देत नाही,
आईला विचार कधी येणार, म्हणते.

मी शहापूरच्या बाजारातून नवी कात्री आणलीय.
अजून हाताला बसलेली नाही.
कापते, पण आवाज करते.