कानाडोळा

दर महिन्याचा दुसरा गुरुवार. टॉडमॉर्डन.
कालव्याला लागून एडगर सग्डनचं घर,
पुढची खोली इतकी अरुंद
की दोन स्पीकर मांडले की माणसांनी
एकमेकांच्या गुडघ्यांची माफी मागत बसायचं.

एडगर गिरणीत मागांचा फिटर होता. आता एकाहत्तर.
त्याचा अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हांचा,
तापायला वीस मिनिटं घेतो, तोवर चहा.
त्याला ब्रास बँड हवा,
आणि दोन सुरांच्या मधली हवा.
‘हवा,’ तो म्हणतो, आणि चिमूट चोळून दाखवतो,
पिठाचा पोत बघावा तशी.

फिट्झरॉय अलेननं सत्तावीस वर्षं बस चालवली.
त्याचे खोके त्यानंच कापलेले, प्लायवूडचे, कपाटाएवढे.
त्याच्याकडे बसलो होतो तेव्हा खर्जाबरोबर
माझा कप टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेला.
‘कपाला कळतं,’ तो म्हणाला, ‘तुम्हाला का नाही?’

तादेउश ऐकत नाही, मोजतो.
स्टँडवर माईक, मांडीवर लॅपटॉप,
आलेख बघून मान डोलावतो,
पुष्कळदा समेच्या आधीच.

मी मिरजेची.
तारेखाली सूत सरकवून जवारी लावणारे हात
बघत वाढले.
माझ्याकडे एका घरगुती बैठकीची कॅसेट आहे,
तिच्यात विलंबितात कुणीतरी खोकतं.
तो खोकला मला पाठ आहे.
तिघंही म्हणतात, काढून टाकता येईल.

भांडण ठरलेलं: एडगरची सहाशे पौंडांची तार.
ती आल्यापासून झांजांना झळाळी आली, तो म्हणतो.
फिट्झरॉय म्हणतो, तारेला नाही, दुकानदाराला.

दिवसा मी हॅलिफॅक्सच्या इस्पितळात कान तपासते.
‘आवाज आला की बटण दाबा.’
मार्चमध्ये काचेपलीकडे एडगर होता.
तीन हजारांपर्यंत रेघ कशीबशी चालली,
मग जिन्यावरून पडावी तशी पडली.
मागांनी चाळीस वर्षं खाल्लं होतं.
मी आवाज देत राहिले,
तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिला,
परीक्षेत बसलेल्या शहाण्या मुलासारखा.
यंत्र नको म्हणाला.
या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही
हा आमच्या पेशाचा नियम.
मी गुरुवारी झांजांना माना डोलावत राहिले.

नोव्हेंबरात त्याच्या जिन्यावरच्या
धुराच्या घंटीची बॅटरी संपत आली.
दर चाळीस सेकंदांनी: चीं.
ट्रॉम्बोन एकटाच वर चढत होता,
एडगरचे डोळे मिटलेले.
‘ऐकलंत? मागं केवढी शांतता आहे.’
चीं.

फिट्झरॉयनं माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे.
तादेउशच्या आलेखावर एक सुळका उगवला, मावळला,
त्यानं लॅपटॉप मिटला.
मग मल्टिमीटरची पाठ उघडून
आतली चौकोनी बॅटरी
फिट्झरॉयच्या तळहातावर ठेवली.
‘बाथरूमला जाऊन येतो,’ फिट्झरॉय म्हणाला,
मागच्या महिन्यात ज्यानं एडगरला
ठोंब्या म्हटलं होतं, तोंडावर.
स्टूल सरकल्याचा आवाज आला.
एक शेवटचं चीं, अर्धवट.

ट्रॉम्बोन उतरला. मागे आता खरंच काही नव्हतं.
फिट्झरॉय येऊन बसला, बोटांची धूळ पँटला पुसली.
‘ती तार अजून फसवणूकच आहे, एडगर.’
‘तुझे कान डेपोतच राहिले,’ एडगर म्हणाला,
खूश होऊन.
मग माझ्याकडे वळला:
‘आता तुझं लाव. खोकणाऱ्या माणसाचं.’
व्हॉल्व्हांचा तांबूस उजेड त्याच्या चष्म्यात होता,
डोळे दिसले नाहीत.
‘तो मला नीट ऐकू येतो.’