आगाऊ किल्ला

सरदार नारसोजी म्हणाले,
‘जिंकायचा आहे तो किल्ला आधी भिंतीवर काढ.’
मी चितार ओळीतला; किल्ला कुठं पाह्यला?
सीताबर्डीची टेकडी काढली, वर बुरूज चढवले.
त्यांनी स्वतः हिंगूळ खलला,
हात कोपरापर्यंत लाल,
रात्रभर मशाल धरून उभे राह्यले
अन् म्हणाले, ‘माझं नाक जरा तरतरीत कर.’

केलं.

दसऱ्याला फौज गेली.
होळीला एक घोडं आलं, रिकामं.

माझ्या मजुरीचे सतरा रुपये अडकलेच.
नवा कारभारी म्हणतो, चुना फिरव.
फिरवतो, मालक.
टेकडी बुजवली, बुरूज बुजवले.
नाकापाशी आलो की
कुंचला सुकतो.
उद्या, म्हणतो. तीन वर्षं झाली.