इसार

सुताचं बाचकं पसंत पडलं की
शंभराची नोट दुकानदाराच्या हातावर ठेवायची,
"इसार घ्या" म्हणायचं, सौदा बांधला.
मोडला तर त्याच गल्लीत, त्याच हातानं माघारी,
वर एक हाफ चहा.
कागद कुणी मागितला नव्हता साखर पेठेत.

या खेपेला इसाराचं नाव होतं बयाणा रक्कम.
अक्कलकोट रोडवरची टॉवेलची कंपनी बुडालेली,
आठ रॅपियर माग लिलावात,
बोली बेचाळीस लाखांपासून, आधी दहा टक्के भरा.
एक लाख साठ भिशीचे, तोटा खाऊन उचललेले.
एक चाळीस पद्माच्या गोठांवर.
एक लाख भिवंडीच्या साडूचे,
आणि जुना माग भंगारात गेला त्याचे वीस हजार.
(ज्यानं तो तोडून नेला त्यानं धोटासुद्धा ठेवला नाही.)

लिलावाच्या दिवशी लॅपटॉपपुढं उदबत्ती लावली.
श्रावणी म्हणाली, नान्ना, धूर लांब ठेवा.
अकराला सुरू होणार होता.
दहा चाळीसला एकच ओळ आली:
अपरिहार्य कारणास्तव रद्द.
उदबत्ती मात्र पूर्ण जळली.

नियम सांगतो, कामाच्या पंधरा दिवसांत परत.
कुणाच्या कामाचे?
आमच्या मागाला रात्रसुद्धा दिवसच.

श्रावणीनं सहा पत्रं लिहिली, इंग्रजीत, नमुनेदार.
पोच आली सहाही वेळा, कुणाची सही नसलेली.
शेवटी पुण्याला गेलो, पहाटेच्या गाडीनं.
चौथा मजला, गळ्यात पट्टा घातलेला पोरगा,
"जुन्या अवसायकांनी राजीनामा दिलाय,
नव्या साहेबांची सही बँकेत अजून चढली नाही.
काळजी करू नका, तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेत नाही,
तुमचं वेगळं."
वेगळं म्हणजे काय, हे विचारायचं
जिन्यात आठवलं.

परत येताना घरी न जाता थेट कंपनीवर उतरलो.
गेटला दस्तगीर. "कुठं फिरायलाव, किष्टय्याशेठ?"
शेठ! मला हसू आलं.
त्यानं कुलूप काढलं.
आठही माग ताडपत्रीखाली,
तिसऱ्यावर अर्धा टॉवेल अडकलेला,
गुलाबाचं फूल निम्म्यात थांबलेलं.
बोट फिरवलं तर गंज नाही. ओशट लागलं.
"दर जुम्म्याला तेल देतो, चाक हातानं फिरवतो.
नाहीतर धरतंय ना लोखंड."
कुणी सांगितलं?
"कुणी सांगणार? कोण हाय इथं?"
मग म्हणाला, माझा एकोणीस महिन्यांचा पगार अडकलाय.
मीपण फॉर्म भरलाय, पोचपण आलीय.
खिशातून काढून दाखवली, चार घड्यांची,
माझ्या पोचेसारखीच. सही नसलेली.
माझे पैसे वेगळे. हा रांगेत.

सातवं पत्र श्रावणीनं मराठीत लिहिलं, एका ओळीचं:
आमचा इसार आम्हाला परत द्या.
त्यामुळंच पैसे आले, असं ती सगळ्यांना सांगते.
मला तसं वाटत नाही. सही चढली असेल.
पाच महिने नऊ दिवसांनी, मंगळवारी दुपारी,
मी कांडी बदलत असताना फोन थरथरला.
चार लाख वीस हजार. व्याज नाही, एक शब्दही नाही.
गोठ सोडवले. सोन्याचं व्याज खिशातून गेलं.
साडूनं व्याज घेतलं नाही, पण
लग्नात चारचौघांत विषय काढला, ते वसूल झालं म्हणायचं.

आता नवी नोटीस आलीय.
तेच आठ माग, बोली चौतीस लाखांपासून.
श्रावणी विचारते, भरायचे का?
पद्मा भांडी घासत होती, घासायची थांबली.

मी उत्तर दिलं नाही.
दस्तगीरला फोन लावला, विचारलं,
तेल अजून शिल्लक हाय का?