शेऱ्याचा रकाना

रजिस्टरात पाच रकाने आहेत.
तारीख, वेळ, पंख्याचा नंबर, चालू की बंद,
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद, शेऱ्याचा.
त्यात मी रोज लिहितो : निरंक.
अक्षर बरं आहे म्हणून तर
वाडीतल्या सात जणांतून मला घेतला.

पंखा नंबर चौदा
आमच्याच वरईच्या तुकड्यात उभा आहे.
पहिल्या उन्हाळ्यात वारा पडला तेव्हा
अख्खी वाडी घोंगड्या घेऊन वर आली,
गार झोपायला.
पंखा गप्प.
बुधामामा भवारी खालून ओरडले,
"ए, लाव की रं बटान!"
सेल्वम साहेब हसले नाहीत.
त्यांनी काडीनं मातीत काढून दाखवलं
की हा वारा देत नाही, घेतो.
"मग जावई म्हना की," बुधामामा म्हणाले.
तेव्हापासून चौदा नंबरला
कंपनीची माणसं सोडून सगळे जावईच म्हणतात.

पाती चढवायला घाट रुंद केला.
एकेक पातं तीन-तीन दिवस वळणावर अडून बसलं
आणि जाताना कोंडीबा केंगल्यांच्या ओट्याचा कोपरा
घेऊन गेलं.
त्याच रस्त्यानं पुढच्या आषाढात
रात्री दीड वाजता खेडहून ॲम्ब्युलन्स वर आली.
केंगल्यांची सून वाचली. पोरगीही.
ओट्याचे पैसे मागायला कोंडीबा
मग गेलेच नाहीत.
हे मी कुठल्या रकान्यात घालू?

सकाळी शाळेच्या भिंतीवरून पात्यांची सावली जाते.
एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.
पोरं तिच्यावर पाढे म्हणतात.
तिनाचा सगळ्यांना येतो.

आमची लाईट गेली की
वरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहतो,
आणि लांब, चाकणच्या अंगाला,
आभाळाला पिवळी कड दिसते.
आई उंबऱ्यात बसून तिकडं बघते.
"आपलं वारं जळतंय बघ," म्हणते.
रागानं नाही.
गावाकडचं माणूस शहरात दिसावं, तसं.

एकदा पंख्याखाली घार सापडली.
पुरली.
निरंक.

मागच्या वैशाखात वावधान सुटलं.
वारा फार झाला की जावई पाती वळवून घेतो,
ब्रेक लावून उभा राहतो.
तसं शिकवलंय त्याला.
घरांना कुणी शिकवलं नव्हतं.
आठ घरांचे पत्रे खालच्या ओढ्यात सापडले,
त्यात आमचे पाच.
मी लिहिलं : वारा जास्त. मशीन सुरक्षित.
सेल्वम साहेबांनी वाचून सही केली,
मग दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं
खिळ्यांचा पुडा आणून दिला.
शिडीही धरली.

काल संध्याकाळी चिमाकाकू
भाताची पाटी घेऊन चौदाच्या चौथऱ्याशी आली.
तिचं खळं आधीपासूनच तिथं.
शेजार नंतर आला.
वावडीवर चढली, सूप डोक्याच्या वर धरलं
आणि थांबली.
नुसती थांबली, गालानं काहीतरी ऐकत.
माझ्या स्क्रीनवर दोन पूर्णांक एक.
एवढ्याला पातं जागचं हलत नाही.

सूप कललं.
दाणे सरळ खाली,
पळंज हातभर बाजूला,
तिच्या लुगड्याच्या काठाला चाटून.
एक पाटी, मग दुसरी,
दिवेलागण होऊन गेली तरी.

उतरताना तिनं विचारलं,
"काय लिवलंस रं?"
म्हटलं, "बंद. वारा नाही."
तिनं खालच्या राशीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
"नाही कसा?"
आणि पदर झटकला.

शेऱ्याच्या रकान्यात
तीन-चार तुसं येऊन पडली होती.
मी पेन काढलं,
पुन्हा खिशाला लावलं,
वही तशीच मिटली.