झेलणारा

पूर्वी इथे नाटकाला येणाऱ्यांचे कोट टांगत.
भिंतीवर पितळी खुंट्या अजून आहेत, आकड्यांच्या.
एतेल्काबाई म्हणतात, बसा कुठेही,
आणि मी दर गुरुवारी त्रेचाळीसखाली बसतो.

माझ्याआधी तिहामेर येतो, बाहुलीवाला.
तो स्वतः बोलत नाही, हातातला कोल्हा बोलतो,
आणि बाई कोल्ह्यालाच विचारतात, झोप लागते का रे?
माझ्यानंतर सारोल्ता, ऑपेराच्या कोरसमधली.
चाळीस गळ्यांत तिचा एक गळा,
आणि त्या एकातून मार्चपासून घास उतरत नाही.
बोळात आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.
हाड मोडलं तर अख्खी सर्कस भेटायला येते.
या दुखण्याला प्लास्टर नाही,
त्यावर कुणी सह्या करत नाही.

पहिले तीन गुरुवार मी झुल्याबद्दल बोललो.
दोराची जाडी, जाळ्याची उंची,
मनगटाला खडू किती लावायचा.
बाई ऐकत होत्या.
त्यांच्या टेबलावर अक्रोड असतात, फोडायला काही नसतं.

चौथ्या गुरुवारी म्हणालो,
बाई, मी उलटा टांगलेला माणूस.
चोवीस वर्षं माणसं मनगटांवरून ओळखली.
पिरोश्काचे डोळे कुठल्या रंगाचे, सांगता यायचं नाही.
तिची डावी नाडी मात्र उजवीपेक्षा जोरात उडते.
लोकांना उडणारी दिसते.
टाळ्या तिच्या. असू देत.
पण कधी सुटायचं ते ती ठरवत नाही.
हाक मी देतो. हॉप!
ती हाकेला ओ देते, इतकंच.

त्या रात्री मी अर्धा श्वास आधी हाक दिली.
तिनं ओ दिली.

जाळं होतं. ती जाळ्यात दोनदा उसळली,
उठली, हसली, लोकांना वाटलं हे असंच असतं.
खांदा सहा आठवड्यांत भरून आला.
आता सेगेडला मुलांना कोलांट्या शिकवते,
नाताळात मला जर्दाळूचा मुरंबा पाठवते.
तिनं शिव्या दिल्या असत्या
तर मी तुमच्याकडे आलो नसतो.

आणि आता? बाई म्हणाल्या.

आता हाक फुटत नाही.
कुत्रं रस्त्यावर धावलं तर मी त्याच्यामागे धावतो,
नाव घेत नाही.
बायको स्वयंपाकघरात असेल तर उठून दाराशी उभा राहतो,
ती दचकते.
हात शाबूत आहेत.
डॉक्टरांनी हातच तपासले.

मला वाटलं होतं बाई काही देतील,
दोन शब्द धीराचे, खिशात घालून नेता येतील असे.
त्या माझेच शब्द झेलत राहिल्या.
एखादा त्यांच्याही हातून पडायचा.
तेव्हा म्हणायच्या, हे निसटलं माझ्याकडून, परत सांगा.
असं म्हणता येतं, हे मला माहीत नव्हतं.
निसटलं. परत.

डिसेंबरात त्यांचा गुडघा धरला,
निदान त्या तसं म्हणाल्या.
जाता जाता सारोल्ताला बोलवा, मला उठवत नाही.
मी दार उघडलं.
बोळ लांब. ती पार टोकाला, खिडकीशी, पाठमोरी.
चालत जाता आलं असतं.
अठरा पावलं. दारातूनच मोजली.
मागे बाईंच्या मुठीत दोन अक्रोड एकमेकांवर घासत होते.

सारोल्ता!

खरखरीत निघाला आवाज, आणि उशिरा.
ती वळली. आले, म्हणाली.
घाईत उठताना तिची पिशवी उपडी झाली,
लिंबं घरंगळली, स्वरलिपीचे कागद, एक चमचा,
आणि अठरा पावलांवरून
माझे दोन्ही हात पुढे झाले होते.

काही उपयोग नव्हता त्यांचा तिथून.
मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून लिंबं गोळा करत होतो.
कोट त्रेचाळीसवरच राहिला.