शिलेदार उकंडरावाची पळपोथी

आधी नमन त्या घोडीला,
जिने जन्मभर शिलेदार ओढला
आणि एकदाही नाही दौडवला
   शत्रूच्या दिशेने.

सावरबर्डी आमचं गाव,
गढीवर नांदे उकंडराव,
अंगावर एकही नाही घाव,
   पाठीवरसुद्धा.

पाठीवर घाव बसायचा,
तर वैरी जवळ यायचा.
हा तर केव्हाच दिसायचा
   पुढच्या गावात.

आधीची चार जगली नाही,
म्हणून याला उकिरड्यावर आई
ठेवून आली, अन् घाईघाई
   उचलून आणलं.

तेव्हाच कळली त्याला नीती:
मरणाशी नको सलगी-प्रीती.
रामराम करावा, तोही किती,
   तर लांबूनच.

तलवार होती आजोबांची,
म्यानात बसलेली कायमची.
दसऱ्याला पूजा व्हायची म्यानाची,
   आत काय, देव जाणे.

मिशीला तेल जवसाचं,
पीळ द्यायचं काम दिवसाचं,
रात्री मात्र भय अवसेचं,
   पुनवेलाही.

सुभेदाराचा सांगावा आला:
"स्वारीवर या, घेऊन भाला."
शिलेदार लगेच आजारी झाला
   दोन्ही पायांनी.

पर्बता म्हणे, "जा नं बाप्पा,
पाणवठ्यावर उठतात गप्पा,
भित्र्याच्या बायकोचा ठप्पा
   माह्याच कपायी."

निघाला. वेशीत ओरडली टिटवी.
"शकून पाह्यल्याबिगर कोण उठवी
फौज? शास्त्रच मले माघारी पाठवी,"
   म्हणे, नि आला.

दुसऱ्यांदा गेला नाल्यापर्यंत.
पाण्यात दिसला कुणी भयवंत,
डोईला पागोटं, डोळे ज्वलंत,
   मिशीला जवसाचं तेल.

त्या वैऱ्यापासून सुटका म्हणून
तुरीत बसला तीन दिस दडून.
शेंगा खाल्ल्या सगळ्या सोलून,
   तोही पराक्रमच.

असं लपता लपता वर्षं गेली,
गावभर त्याने पाहणी केली:
कुठलं पेव कोरडं, कुठली खोली
   भिंतीआड भिंत,

कुठल्या पळसामागं ओघळ खोल,
कुठली कपार आतून गोल,
कुठलं कुत्रं विसरतं बोल
   भाकरीच्या तुकड्यावर.

गाव हसायचं. पोरं म्हणायची,
"मामा, शिकवा कला लपायची."
तोही शिकवायचा, भर दुपारची,
   मनापासून.

मग एका फाल्गुनात, रात अर्धी,
नदीपल्याड घोड्यांची गर्दी.
कुणाची फौज, कसली वर्दी,
   विचारायचं कुणी?

सुखाजी होता खरा शूर,
भाला उपसून म्हणे, "व्हा दूर!
लढून मरू, वाहू द्या पूर
   रक्ताचा वेशीत!"

सारे गप्प. कुणाचं पोर रडलं.
तेवढ्यात गढीचं दार उघडलं,
पागोट्यासकट काहीतरी धडपडलं
   ओट्यावरून खाली.

"मरजो रे सुखाजी, सकायी मर.
आत्ता दिवे इझव, तोंड बंद कर.
लेकरं पेवात, कडबा वर,
   बोलू नका कोणी.

ज्या पेवात दिवा इझून जाते,
त्याच्यात माणूस मरून जाते.
मले इचारा, मले माहीत राह्यते,
   बसता बसता वाचलो."

त्या रात्री त्याचा आवाज नव्हता
कापरा. हात तेवढा कापत होता.
आघाडीवर तोच धावत होता,
   पळण्याच्या, अर्थात.

स्वार आले. थंड चूल,
रिकामा गोठा, खुंटीला झूल,
ना बाई, ना म्हातारा, ना मूल,
   कुत्रंही भुंकेना.

"भुताचं गाव!" एकजण बोलला.
दुसऱ्याचा घोडा थोडा बुजला.
बघता बघता सगळा निघाला
   शूरांचा जथा.

पहाटे पेवांची तोंडं उघडली,
एकशे सत्तर डोकी मोजली.
एक कमी. पर्बता हादरली:
   "आमचे कुठं?"

सापडले. पळसाच्या ओघळात,
घोडीचं तोंड धरून हातात.
"गेले काय? का अजून गावात?"
   दुपार झाली होती.

सुखाजीची वीरगळ आहे वेशीला.
पुढल्याच साली लढून मेला.
शेंदूर लावतो आम्ही शिळेला
   दर दसऱ्याला.

उकंडरावाला दगडबिगड नाही.
नव्वदीत एकदा खाऊन दही
निजला, तो उठलाच नाही.
   मरण लपून आलं.

आज गावात उंबरे सहाशे चार,
शूर म्हणावं तर कुणी न फार,
पण आमच्या घराला मागचं दार
   असतंच असतं.